सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि एंट्रीची वेळच बदलली? आधी हे तपासा



समजा, नेसरीत तुमचं दूध संकलन केंद्र आहे. सॉफ्टवेअरवाल्याने मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० केलं आणि सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं. १ एप्रिलला पहाटे पाचला शेतकऱ्याने दूध घातलं, पण स्क्रीनवर दिसतंय ३१ मार्च, रात्री ११:३०. म्हणजे नोंद थेट मागच्या आर्थिक वर्षात! हिशेब जुळणार कसा?

१. बरोबर साडेपाच तासांचा फरक

हा दोष व्हर्जनचा नाही, सर्व्हरच्या घड्याळाचा. 'टाइमस्टॅम्प' प्रकारची वेळ आत जागतिक वेळेनुसार (यूटीसी) साठते आणि दाखवताना सेटिंगप्रमाणे बदलते. टाइमझोन +०५:३० करून घ्या, जुन्या नोंदीही बरोबर दिसतील. घाईघाईत हाताने तारखा बदलत बसू नका, नाहीतर खरा घोळ तिथेच होईल. मात्र 'डेटटाइम' प्रकारात लिहिलेली वेळ जशीच्या तशी राहते. तिथे चुकीची पडलेली नोंद वेगळी दुरुस्त करावी लागते.

२. वेळ रिकामी किंवा एरर

हा मात्र व्हर्जनचा फरक. ५.७ च्या मूळ सेटिंगमध्ये टेबलातल्या पहिल्या टाइमस्टॅम्प रकान्यात, काही सांगितलं नसेल तर, वेळ आपोआप भरली जायची. ८.० मध्ये 'एक्स्प्लिसिट डिफॉल्ट्स फॉर टाइमस्टॅम्प' हे सेटिंग आधीपासून चालू असतं; न सांगता काही भरत नाही. जुन्या स्क्रिप्टने नवं टेबल केलं की रकाना रिकामा राहतो. रिकामा चालत नाही अशा रकान्यात 'नल' पाठवलं, तर एरर येते.

३. बिल एडिट केलं की तारीख बदलते

ही जुन्या सवयीचीच दुसरी बाजू. तो पहिला रकाना नोंद बदलली की आजची वेळ घ्यायचा. फेब्रुवारीच्या बिलात फोन नंबर सुधारला, तारीख झाली मार्चची! म्हणून 'बिल केल्याची वेळ' आणि 'बदल केल्याची वेळ' असे दोन रकाने ठेवायला सांगा.

अपडेटआधी एवढं कराच: बॅकअप घ्या. कॉपीवर एक बिल टाका, वेळ बघा. तेच बिल एडिट करा, पुन्हा बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि हे ३१ मार्चच्या तोंडावर नको, आधीच उरकून घ्या!