गोरा रंग आणि जाहिरातींची चित्रें

वर्तमानपत्रांतील वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष' अशी विशेषणें नेहमीं आढळतात. त्यांचा क्रम पाहावा. विद्येच्या आधीं वर्ण येतो. ही आवड जुनी खरी, परंतु चित्रमय जाहिरातींनीं तिचें भयांत रूपांतर केलें. तें कसें, हें पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत पिअर्स साबणाच्या एका जाहिरातींत काळ्या मुलाचें अंग धुतल्यावर गोरें झालेलें दाखविलें होतें. काळा वर्ण म्हणजे मळ, असें त्या चित्रानें न बोलतां सांगितलें. २०१७ सालीं डव्हच्या जाहिरातींत एक कृष्णवर्णीय स्त्री अंगांतील सदरा काढते आणि तिच्या जागीं गोरी स्त्री दिसूं लागते. लोकांनीं निषेध केल्यावर कंपनीनें क्षमा मागितली.

आपल्या देशांत १९७५ सालीं 'फेअर अँड लव्हली' हें क्रीम निघालें. त्याच्या जाहिरातींत आरंभीं सावळी मुलगी उदास असे. शेवटीं तीच उजळ होऊन हंसे व तिला नोकरी किंवा वर मिळे. मध्यें अभ्यास नाहीं, परिश्रम नाहींत. केवळ एक ट्यूब! मनांत आधीं उणीव उत्पन्न करावयाची आणि मग तिजवर उपाय विकावयाचा, अशी ही रीत आहे. २०१४ सालीं भारतीय जाहिरात मानक परिषदेनें सावळ्या व्यक्तींस दुःखी वा हीन दाखवूं नये, असा नियम केला. २०२० सालीं त्या क्रीमच्या नांवांतील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलें.

विद्यार्थी मित्रहो, त्वचेचा रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्यानें येतो. तें निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या-काळ्या सर्व माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या किती द्रव्य निर्माण करितात, एवढाच भेद. हें द्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचें रक्षण करितें. सोलापूरच्या वैशाखांत त्याचें मोल काय, हें निराळें सांगावयास नको.

आपल्याच जिल्ह्यांत पंढरपुरीं लक्षावधि लोक सावळ्या रूपास सुंदर म्हणतात. घरच्या मुलीविषयीं मात्र तोच शब्द आवाज उतरवून उच्चारिला जातो, आणि ती तो ऐकत असते. पालकांनीं विवाहाच्या परिचयपत्रकांतील वर्णाचा रकाना गाळावा. मुलींनीं कोणतेंहि असें चित्र पाहतांना दोन प्रश्न विचारावेत: हें मला काय विकूं पाहतें? आणि त्यासाठीं माझ्यांत कोणतें उणें दाखवितें?