स्वप्नाची चित्रफीत निघते का?

राजीनामा दिलेल्या एका ब्रिटिश गुप्तहेराला गुंगीचे औषध पाजून रात्री प्रयोगशाळेत आणले जाते. मनगटात सुई टोचली जाते, डोक्याला तारा लावल्या जातात. समोरच्या पडद्यावर आधी मेंदूलहरींच्या वेड्यावाकड्या रेघा उमटतात, मग त्या रेघांची चित्रे होतात आणि झोपलेल्या माणसाचे स्वप्न सिनेमासारखे सुरू होते. स्वप्नात पॅरिसमधील मादाम एंगादीनची मेजवानी रंगलेली असते. पडद्यापुढे बसलेल्यांना एवढेच हवे असते: याने नोकरी का सोडली आणि गुपिते कोणाला विकायला निघाला होता?

'द प्रिझनर' या ब्रिटिश मालिकेतील 'ए. बी. अँड सी.' हा भाग १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसारित झाला. मालिका अवघ्या १७ भागांची. नायक पॅट्रिक मॅक्गूहन, आणि तो ज्या देखण्या तुरुंगात अडकला आहे त्या गावाचे चित्रीकरण वेल्सच्या किनाऱ्यावरील पोर्टमेरियनमध्ये झालेले. इथे कोणालाच नाव नाही. नायक 'नंबर सिक्स', त्याला पिळून काढणारा अधिकारी 'नंबर टू'. संशयित तीन, म्हणून रात्री तीन आणि औषधाचे डोसही तीनच. प्रत्येक रात्री मेजवानीत एकेका संशयिताला घुसवायचे आणि नायक काय करतो ते पाहायचे.

आज हा भाग पाहताना नंबर टूच्या टेबलावरचा अवाढव्य लाल फोन आणि वरिष्ठांच्या धाकाने दूध पीत बसलेला तो स्वतः, दोघांचेही हसू येते. तिसऱ्या रात्री मात्र आपण सावरून बसतो. नायकाला मनगटावरची सुईची खूण दिसलेली असते. तो गुपचूप प्रयोगशाळा शोधून काढतो आणि शेवटच्या डोसमध्ये पाणी मिसळून ठेवतो. त्या रात्रीची मेजवानी तिरपी, झिंगलेली दिसते. नायक स्वप्नातल्या भिंतीवरचा कललेला आरसा सरळ करतो, तर बाहेर पडद्यावरचे सगळे चित्रच सरळ होते! मग तो एका मुखवटेधारी माणसाचा मुखवटा ओढतो आणि आत निघतो नंबर टू. शेवटी स्वप्नातला नायक चालत चालत याच प्रयोगशाळेत येतो आणि नंबर टूच्या हातात एक पाकीट ठेवतो. त्यात गुपिते नसतात, पर्यटनाची माहितीपत्रके असतात. स्वप्न संपते तेव्हा लाल फोन वाजत असतो.

या कथेत दोन कल्पना आहेत: स्वप्न दाखवणारा पडदा आणि स्वप्न ताब्यात घेणारा कैदी. १९६७ मध्ये कोणालाही पहिली कल्पना विज्ञानाची आणि दुसरी लेखकाची लहर वाटली असती. गेल्या साठेक वर्षांच्या संशोधनाने नेमका उलटा कौल दिला आहे.

झोपेच्या आधुनिक अभ्यासाचे वय तेव्हा जेमतेम चौदा होते. शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून रात्रभर आलेख काढले आणि झोपेत मधूनमधून बुबुळे झपाट्याने हलतात हे त्याच्या लक्षात आले. नॅथॅनियल क्लाइटमन यांच्यासह त्याने १९५३ मध्ये ही नोंद 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली. या अवस्थेला पुढे 'रेम' झोप म्हणू लागले. साधारण दर नव्वद मिनिटांनी ती येते, पहाटेकडे लांबत जाते आणि त्यातून उठवलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगतात. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी १९५९ मध्ये दाखवले की, या वेळी मेंदू जागेपणीइतका सक्रिय असतो, पण अंगाचे स्नायू लुळे पडलेले असतात. त्यामुळेच स्वप्नात आपण धावतो आणि पलंगावर मात्र निपचित असतो.

लुळेपणातून डोळ्यांचे स्नायू सुटतात. इथेच नंबर सिक्सची वाट निघते. काही जणांना स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' अशी जाणीव होते. अशा माणसाने ठरवून डोळे डावी-उजवीकडे फिरवले, तर बाहेरच्या आलेखावर खूण उमटायला हवी. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५ मध्ये अ‍ॅलन वर्स्ली या स्वप्नपटूच्या डोळ्यांची अशी खूण टिपली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. आणि २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्समधील चार गटांनी झोपलेल्यांशी चक्क प्रश्नोत्तरे केली. झोपेतच विचारले, आठातून सहा गेले किती? उत्तर डोळ्यांच्या हालचालींनी आले: दोन. ३६ जण आणि १५८ प्रयत्न. त्यांपैकी १८ टक्क्यांहून थोड्या अधिक वेळा अचूक उत्तर मिळाले, तर साठ टक्के वेळा काहीच प्रतिसाद आला नाही. यशाचे प्रमाण तोकडे आहे, पण जे मिळाले ते झोपलेल्याने स्वतःहून दिले, कोणी चोरले नाही.

मग दर रात्री आपल्याला ही जाणीव का होत नाही? स्वप्नात वारलेले आजोबा चहा पितात, शाळेच्या दारातून समुद्र लागतो, आणि आपण मान डोलावत पुढे जातो. 'रेम' झोपेत कपाळामागचा, तर्क आणि शहानिशा करणारा मेंदूचा भाग मंदावतो, भावनांचा अमिग्डाला मात्र जोरात असतो. सावधानता राखणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन जवळजवळ बंद आणि अ‍ॅसिटिलकोलिन भरपूर. नायकाच्या पहिल्या दोन रात्री अशाच जातात. समोर आणून उभे केलेले पाहुणे तो निमूट स्वीकारतो.

बाहेरून स्वप्नात काही घुसवण्याची कल्पना अगदीच हवेतली नाही. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी १९५८ मध्ये झोपलेल्यांच्या अंगावर गार पाणी फवारले, तेव्हा ४२ टक्के वेळा पाणी कोणत्या ना कोणत्या रूपात स्वप्नात आले. प्रकाशाचा झोत त्याहून कमी उतरला, आवाज तर फारच कमी. पण त्या पाण्याचे काय होणार, हे बाहेरच्याच्या हातात नव्हते. कोणाच्या स्वप्नात पाऊस, तर कोणाच्या छताला गळती.

औषधाची गोष्ट तर मालिकेच्या पार विरोधात जाते. झोप आणणारी बार्बिट्युरेटसारखी औषधे 'रेम' झोप दाबतात, म्हणजे गुंगी देऊन स्वप्न पाहू जाणाऱ्याच्या हाती स्वप्नच कमी लागेल. उलट अल्झायमरसाठी वापरले जाणारे गॅलंटामाइन हे औषध लाबर्ज यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ जणांवर तपासले. पहाटे उठवून, मनाची तयारी करून घेऊन ते दिल्यावर आठ मिलिग्रॅमच्या डोसने ४२ टक्के जणांना जाणिवेसह स्वप्न पडले, नुसत्या खोट्या गोळीने १४ टक्क्यांना. म्हणजे ज्या औषधाचा स्वप्नावर असा लक्षणीय परिणाम दिसला, ते स्वप्नाची दोरी झोपलेल्याच्याच हातात देते. (घरी कोणी हा उद्योग करू नये, हे सांगायला नकोच.)

आता पडद्याचे पाहू. जपानमध्ये क्योटो येथील युकियासू कामितानी यांच्या गटाने २०१३ मध्ये तीन जणांना एफएमआरआय यंत्रात झोपवले. डोळा लागताच उठवायचे, काय दिसले ते विचारायचे आणि पुन्हा झोपवायचे, असे प्रत्येकाच्या बाबतीत दोनशे वेळा. पुस्तक, मोटार, स्त्री, पुरुष असे काही झोपेत दिसत होते का, हे संगणकाने मेंदूच्या हालचालींवरून ओळखायचे होते. दोन पर्यायांतून एक निवडताना तो साधारण ६० टक्के वेळा बरोबर निघाला. नाणे उडवूनही पन्नास टक्के मिळतातच. शिवाय हे डोळा लागतानाचे क्षण होते, 'रेम' झोपेतले लांबलचक स्वप्न नव्हते. मादाम एंगादीनच्या मेजवानीपासून हे फार दूर आहे. आणि संगणकाच्या उत्तराची पडताळणी शेवटी झोपलेल्याच्या सांगण्यावरूनच करावी लागली.

त्या सांगण्यावर तरी किती विसंबायचे? 'द प्रिझनर' रंगीत चित्रित झाली होती, पण तेव्हा ब्रिटनमध्ये तिच्या वाहिनीचे प्रसारण कृष्णधवल होते, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांनी ती करड्या रंगांतच पाहिली. डंडी विद्यापीठातील एव्हा मुर्झिन यांनी २००८ मध्ये मांडले की, बालपणी फक्त कृष्णधवल पडदा पाहिलेल्या वयस्कांपैकी सुमारे चतुर्थांश जण आपली स्वप्नेही कृष्णधवल असल्याचे सांगतात. पंचविशीच्या आतल्यांत असे पाच टक्केही नाहीत. त्यांची स्वप्ने खरोखर तशी पडतात की आठवताना रंग उडतो, याचा निवाडा करायला कोणतेही यंत्र नाही.

गुप्तहेर खात्यांना असल्या शंका फारशा पडल्या नाहीत. अमेरिकेच्या सीआयएने १९५३ पासून 'एमकेअल्ट्रा' प्रकल्पात मन वाकवण्यासाठी एलएसडीसारखी रसायने वापरली, कित्येकदा लोकांच्या नकळत, आणि १९७३ मध्ये बहुतेक कागदपत्रे नष्ट केली. आपणही हुरळलोच होतो. मुद्रांक घोटाळ्यातील आरोपी तेलगीच्या नार्को चाचणीची चित्रफीत वाहिन्यांवर दाखवली गेली आणि घरोघरी ती पुराव्यासारखी पाहिली गेली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेत शिक्षा सुनावली, तेव्हा परदेशातील मेंदूतज्ज्ञही चकित झाले. गुंगीतला माणूस खरे बोलतो आणि यंत्राला आठवण वाचता येते, ही समजूत नंबर टूच्या पडद्याचीच सख्खी बहीण आहे. गुंगीत माणूस सैल बोलतो, पण त्या बोलण्यात आठवण, इच्छा आणि विचारणाऱ्याने सुचवलेले सगळेच कालवलेले असते.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरी या तिन्ही चाचण्या संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. माणसाने संमती दिली तरी चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे जे प्रत्यक्ष सापडेल तेवढेच न्यायालयापुढे येऊ शकते.