यीस्टला न पचणारी साखर

बिअर म्हणजे कडू पेय, ही समजूत बहुतेकांच्या मनात पक्की असते. परंतु 'मिल्क स्टाउट' हा बिअरचाच एक प्रकार चक्क गोड लागतो. जागेवरच बिअर तयार करून विकणारी छोटी मद्यालये आता जगभर निघाली आहेत. पुण्यात अशी सोय २००९ सालापासून आहे. अशा ठिकाणच्या यादीत हे नाव पुष्कळदा आढळते. आंबवताना साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते, हे आपण शाळेत शिकवतो. मग पूर्ण आंबलेले पेय गोड राहतेच कसे? बिअरला कधीही न शिवणाऱ्यालाही पडावा असा हा प्रश्न आहे.

चव घेणारा जाणकार आधी पेला उजेडासमोर धरतो. स्टाउट जवळजवळ काळी असते. फक्त कडेला गडद तांबूस छटा दिसते आणि वरचा फेस तपकिरी असतो. बिअर ही जवापासून, म्हणजे बार्लीपासून बनते. जव भिजवून मोड आणतात आणि वाळवतात. याला माल्ट म्हणतात. त्यातला थोडा भाग कॉफीच्या बियांप्रमाणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. लंडनमध्ये डॅनियल व्हीलर याने १८१७ साली यासाठी फिरत्या पिंपाच्या भट्टीचे पेटंट घेतले. एकूण धान्याच्या शेकडा पाच-दहा भाग इतके भाजके धान्यही सगळी बिअर काळी करण्यास पुरते.

पेला नाकाजवळ नेला की कॉफीचा, कडसर चॉकलेटचा वास येतो. त्यात कॉफी घातलेली असतेच असे नाही. भाजताना धान्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात अभिक्रिया होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली त्यांचे वर्णन केले. भाकरीचा खरपूस पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, कॉफी या सर्वांच्या वासामागे याच अभिक्रिया आहेत.

आता घोट घेऊ. आधी गोडी जाणवते, मग भाजकेपणाचा कडवटपणा येतो, आणि पेय जिभेवर काहीसे दाट, साईसारखे वाटते. ही गोडी कोठून आली? माल्ट कोमट पाण्यात ठेवला की त्यातील विकरे पिष्टाचे तुकडे करून प्रामुख्याने माल्टोज ही शर्करा तयार करतात. यीस्ट ही माल्टोज खाऊन तिचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करते. म्हणून मिल्क स्टाउट करणारे त्यात मुद्दाम वेगळी साखर घालतात. ही साखर म्हणजे दुधातील लॅक्टोज, अर्थात दुग्धशर्करा.

लॅक्टोजचा रेणू ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन शर्करा जोडून झालेला असतो. हा जोड तोडणाऱ्या विकराचे नाव लॅक्टेज. बिअरच्या आणि पावाच्या यीस्टजवळ हे विकर नसते, आणि लॅक्टोज पेशीच्या आत घेण्याची सोयही नसते. त्यामुळे यीस्ट बाकीची साखर संपवते आणि लॅक्टोज तशीच मागे राहते. तिची गोडी उसाच्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच असते, म्हणून पेय पाकासारखे गोडमिट्ट होत नाही. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंजवळ मात्र हा जोड तोडणारी विकरे असतात. ज्या प्रौढ माणसांत लॅक्टेज कमी असते, त्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगण्याचा त्रास होतो. त्यांना ही बिअरही तसाच त्रास देऊ शकते.

हे वर्गात दाखवण्यासाठी बिअरची मुळीच गरज नाही. चार सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत १०० मि.लि. कोमट पाणी आणि एक चमचा बेकरीचे यीस्ट घाला. पहिलीत आणखी काही घालू नका. दुसरीत दोन चमचे साखर, तिसरीत दोन चमचे लॅक्टोज घाला. चौथीत तेवढीच लॅक्टोज आणि औषधांच्या दुकानात मिळणारी लॅक्टेजची गोळी कुटून घाला. तोंडांवर फुगे बसवून बाटल्या उबदार जागी ठेवा. दुसरीचा फुगा चांगला फुगेल. तिसरीचा पहिलीइतकाच, म्हणजे जवळजवळ पडलेला राहील. चौथीचा थोड्या उशिराने फुगू लागेल. पहिली बाटली कशासाठी ठेवली, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

या पेयाच्या इतिहासातही वर्गासाठी एक धडा आहे. दुधातील घटक वापरून बिअर करण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८७५ साली मागण्यात आले. प्रत्यक्षात ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केंट परगण्यातील हाइथ गावच्या मॅकेसन कंपनीने बाजारात आणली. बाटलीवर दुधाच्या कॅनचे चित्र असे, आणि एका पाइंटात दहा औंस दुधातील शक्तिदायक कर्बोदके आहेत, अशा अर्थाचा मजकूर असे. आजारी माणसे आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांनाही ही बिअर पौष्टिक म्हणून सांगितली जाई.

हा दावा आपण तपासू. दहा औंस म्हणजे सुमारे २८४ मि.लि. गाईच्या एवढ्या दुधात १३ ते १४ ग्रॅम लॅक्टोज असते. एका पाइंटात, म्हणजे ५६८ मि.लि. बिअरमध्ये, एवढी लॅक्टोज सहज विरघळते. तेव्हा आकडा अशक्य मुळीच नव्हता. पण त्याच दुधात सुमारे ९ ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ते लॅक्टोजबरोबर बाटलीत येत नाही. उलट बाटलीत मद्यार्क असतो, आणि तो आईच्या रक्तातून तिच्या दुधात उतरतो. ब्रिटिश सरकारने १९४६ साली, रेशनिंगच्या दिवसांत, अशा बाटल्यांवर 'मिल्क' हा शब्द छापण्यास मनाई केली.

शब्द न् शब्द खरा असलेला मजकूरही दिशाभूल करू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते. 'दुधाइतकी शक्ती' असे लिहिलेले डबे आजही दुकानांत दिसतात. असे वेष्टन हाती आले की त्यावर काय लिहिले आहे ते वाचावेच. पण दुधातले काय लिहिलेले नाही, याची यादीही विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.