मागची काच

खडकवासल्याच्या चौपाटीवर अजून गर्दी नाही. ९ फेब्रुवारी २०२०, रविवार, सकाळचे सात वाजून गेलेत. माघी पौर्णिमेचा चंद्र पाण्यापलीकडच्या डोंगराआड नुकताच उतरलाय आणि पुण्याच्या बाजूनं, आमच्या पाठीमागून, ऊन यायला लागलंय. भजीवाल्या मावशींनी कढई चढवली आहे. टपरीच्या कडेला सात गाड्या नाकं रस्त्याकडे करून उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीभोवती आम्ही सगळे जमलोय.

ती काकांची सिएरा. १९९४ ची, मरून रंगाची, एमएच १२. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी करायचं पासिंग गेल्या वर्षी तिसऱ्यांदा झालं. काका पिंपरीत एका कारखान्यात मशीनशॉपला होते, आता निवृत्त आहेत. गाडी अजून स्वतः धुतात, पण आज धुतलेली नाही. नांदेड फाट्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललंय, तिथली सगळी धूळ बॉनेटवर बसलीय.

आज नुसता चहा होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. बुधवारी ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत टाटांनी सिएराची नवी कॉन्सेप्ट गाडी दाखवली. विजेवर चालणारी. आमच्यातला हिंजवडीचा पोरगा सुट्टी टाकून तिकडे गेला होता, काल रात्रीच्या विमानानं परतलाय. डोळे तांबडे आहेत, पण झोपेचं नाव नाही. मोबाइलमधले फोटो एकेकाच्या हातात देतोय आणि दुसऱ्याच मिनिटाला काढून घेतोय, कारण पुढचा फोटो त्यालाच दाखवायचा असतो.

‘लोकांच्या डोक्यावरून हात उंच करून काढलेत,’ तो म्हणतो. ‘काका, हे बघा. काच ठेवलीय.’

काका चष्मा कपाळावर चढवतात, मोबाइल नाकाजवळ धरतात. बराच वेळ काही बोलत नाहीत.

काच म्हणजे मागची काच. सिएरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. १९९१ साली ही गाडी आली तेव्हा रस्त्यावर अँबॅसिडर, पद्मिनी आणि मारुती ८०० हीच मंडळी जास्त होती. टाटामोबाइल पिकअपच्या चासीवर बांधलेली, तीन दारांची, पाठीवर स्टेपनी घेतलेली ही उंच गाडी त्यांच्यात आली आणि तिच्या मागच्या अर्ध्या भागाला बाजूनं दारच नव्हतं. त्या जागी दोन्ही बाजूंना एकेक अखंड काच, वर जाता जाता छतावर वळलेली. न उघडणारी. मागे बसलेल्याला बाजूचा डोंगर दिसायचा आणि मान न उचलता त्याच डोंगराचा माथाही दिसायचा. माझ्या बाबांकडे सिएरा होती. वरंध्याचा घाट मी पहिल्यांदा पाहिला तो त्या काचेतून, वयाच्या सातव्या वर्षी. तेव्हा या वादात मी कोणाच्या बाजूचा आहे ते आधीच सांगून टाकतो: ही गाडी कारखान्यातून बाहेर पडलीच पाहिजे असं मला वाटतं.

‘चासी?’ काका मोबाइल परत देत विचारतात.

‘चासी नाही काका. अल्फा प्लॅटफॉर्म आहे. अल्ट्रोझचाच.’

‘म्हणजे हॅचबॅकच्या पायावर उभी केली.’

‘क्रॉसओव्हर आहे ना ती. आता सगळ्याच तशा येतात.’

‘मग नाव दुसरं ठेवा,’ काका म्हणतात. आवाज चढलेला नाही, पण मावशींनी सुद्धा झारा थांबवून इकडे पाहिलंय. ‘सिएराखाली चासी होती. दगडावर आपटली तरी पत्रा वाकायचा नाही. नाव वाडवडिलांचं घ्यायचं आणि हाडं दुसऱ्याची?’

चाकणचा टूलरूमवाला पुढे होतो. हा माणूस दिवसभर प्रेसच्या डाय बनवतो, त्यामुळे गाडीकडे पाहताना त्याला आधी पत्र्याची घडी दिसते. तो म्हणतो, ‘काका, हाडं चांगली आहेत. त्याच पायावरच्या अल्ट्रोझला गेल्याच महिन्यात ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळालेत. चासीवरच्या जुन्या गाडीला ते जमलं नसतं.’ काका यावर उत्तर देत नाहीत, नुसती मान हलवतात. ती होकाराची की नकाराची, हे त्यांना पंधरा वर्षं ओळखूनही मला कळत नाही.

मग टूलरूमवाला बोट पुढे करतो आणि बॉनेटवरच्या धुळीत रेघ ओढतो.

एका रेघेत पुढचं नाक, बॉनेट, उभी काच, छत. दुसऱ्या रेघेत खालचा भाग. दोन गोल चाकांचे. काका ‘अरे अरे’ करतात, पण थांबवत नाहीत. मागच्या बाजूला तो छताची रेघ पुसतो आणि काच खालून वर नेत आत वळवतो. चार सेकंदांत सिएरा उभी राहते. जुनी की नवी ते कळत नाही, आणि मला वाटतं नोएडातल्या त्या गाडीचं सगळं यश यातच आहे.

‘आता अडचण कुठं आहे ते सांगतो,’ तो म्हणतो. ‘या इथं.’ त्याचं बोट काच वळते त्या कोपऱ्यावर टेकतं. ‘छताला इथं कडा लागते. उलटली तर भार तिच्यावर येतो. बाजूनं धडक बसली तर डोक्याशी पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग याच कडेत घडी करून ठेवतात. काच छतावर नेली तर कडा जाणार कुठं? १९९१ मध्ये हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. आज विचारणार. म्हणून मी म्हणतो, कारखान्यात जाईपर्यंत ही काच वळायची थांबेल. छताला काळा रंग देतील, लांबून वळल्यासारखी दिसेल.’

‘तसं केलं तर बनवूच नये,’ काका आणि हिंजवडीचा पोरगा एकदम म्हणतात. आज पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालंय.

पोराची भीती वेगळी आहे. तो कॉन्सेप्ट गाड्यांचा हिशेब तोंडपाठ ठेवतो. २०१८ च्या एक्स्पोत एचफाइव्हएक्स पाहिली, पुढच्या जानेवारीत हॅरिअर आली ती जवळपास तशीच. पण २०१७ मध्ये जिनिव्हात दाखवलेली रेसमो? दोन सीटची, नाजूक, सुंदर. तिचा फोटो त्याच्या लॅपटॉपवर अजून आहे, गाडी मात्र आली नाही. ‘एक तर करतच नाहीत, नाहीतर केल्यावर ती राहत नाही,’ तो म्हणतो. ‘दोन्हीपेक्षा ती एक्स्पोतच राहू दे. निदान मी पाहिलेली तशीच लक्षात राहील.’

हे मला पटत नाही आणि मी तसं बोलतो. गाडी दिव्यांखाली गालिच्यावर ठेवायची वस्तू नव्हे. जिला कधी चिखल लागला नाही, जिच्यात कुणाला उलटी झाली नाही, जिच्या मागच्या सीटवर कुणी झोपून घरी आलं नाही, तिच्यावर प्रेम कशाच्या जोरावर करायचं? पोरगा ऐकून घेतो. ‘दादा, तुमच्याकडे आठवण आहे,’ तो म्हणतो, ‘माझ्याकडे फक्त फोटो आहे.’ त्याला उत्तर देताना माझी जीभ जड होते.

इतका वेळ गप्प बसलेल्या ताई चहाचा ग्लास खाली ठेवतात. या पर्वतीवरून येतात, स्वतः सुमो चालवत. सोबत सहा वर्षांची लेक असते.

‘दारं किती?’

‘मागच्यांसाठी डाव्या बाजूला एक जादा दिलंय,’ पोरगा सांगतो. ‘ड्रायव्हरच्या बाजूला नाही.’

‘म्हणजे पुरुषांनी बसून पाहिलेली नाही,’ ताई म्हणतात. ‘माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. पाऊस पडतोय, गाडी उजवीकडं भिंतीला नाही तर रस्त्याला लागलीय, आणि यांना फिरवून डावीकडं न्यायचं. मुलीची सीट बांधायची तर अंग वाकडं करायचं. पंधरा लाखांच्या आसपास पैसे मोजायचे आणि दार मोजून घ्यायचं? मला चारही बाजूंना दारं द्या, मी उद्या बुकिंग करते.’

आणि त्या सरळ बॉनेटपाशी जातात आणि टूलरूमवाल्याच्या चित्रात मागचं दार काढतात. रेघ काचेतून आरपार जाते.

काका त्या रेघेकडे असं पाहतात की त्यांना खरंच लागलंय. पण ताईंना काही बोलत नाहीत. जवळ जाऊन हात वर करतात, पुसायला. मग हात खाली घेतात.

पंधरा लाखांचा आकडा ताईंनी हवेतून आणलेला नाही. बाराच दिवसांपूर्वी नेक्सॉनची विजेवरची गाडी १३ लाख ९९ हजारांपासून बाजारात आली, एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर असा दाखला घेऊन. विजेच्या बाजूनं बोलायला एक मुद्दा आहे, तो टूलरूमवालाच मांडतो. इंजिनाची गाडी चार मीटरच्या आत बसवली, इंजिनही लहान ठेवलं, तर २८ टक्के जीएसटीवर सेस एक ते तीन टक्के. बाहेर गेली की तोच सेस सतरा ते बावीस टक्क्यांवर. म्हणून तर आपल्याकडच्या कित्येक गाड्यांची शेपटी कापल्यासारखी दिसते. विजेच्या गाडीला सरसकट ५ टक्के. तिथं ती चार मीटरच्या बाहेर गेली तरी बिघडत नाही, आणि सिएराला मागं लांबी लागतेच, नाहीतर त्या काचेला जागा कुठली? हा हिशेब ऐकताना मला पहिल्यांदाच वाटतं की ही गाडी निघू शकते.

‘आणि उन्हाचं काय?’ नागपूरचा गडी विचारतो. तो इथं बाणेरला राहतो, पण मे महिन्याचं नाव निघालं की बोलणं थेट नागपुरी होतं. ‘आमच्याकडं पंचेचाळीसच्या वर जाते पारा. न उघडणारी एवढी मोठी काच. आत माणूस शिजून निघते ना भाऊ. आणि फिल्म लावता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१२ पासून बंद केलीय.’

याला कोणाकडेच उत्तर नाही. काका मात्र हसतात, आज पहिल्यांदा. ‘खरं आहे,’ म्हणतात. ‘आम्ही मागं टॉवेल लावायचो.’

भजी येतात. दोन मिनिटं कोणी बोलत नाही. काका मला बाजूला बोलावतात आणि उजव्या काचेच्या खालच्या कोपऱ्याशी वाकतात. तिथं बीडिंग सुटलंय. पंचवीस उन्हाळ्यांनी रबर वाळून काळ्या भाकरीसारखं झालंय, नखानं टोकरलं की भुगा पडतो. काचेवर, अगदी कडेला, कारखान्याचा बारीक शिक्का आहे. त्याच्या शेजारी एक केसाएवढी खूण.

‘तडा आहे?’ मी विचारतो.

‘नाही. चरा आहे. तडा गेला असता तर काच उरलीच नसती.’

ते समजावून सांगतात. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून साच्यावर वाकवतात आणि लगेच हवेचे झोत मारून थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, आणि त्या ताणानंच ती पक्की होते. पण एकदा असं झालं की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. फुटली तर सगळी एकदम, दाणे होऊन. म्हणजे दुसऱ्या कुठल्या गाडीची काच घेऊन मापात बसवणं नाही. सिएराचीच पाहिजे, उजवीचीच पाहिजे. जुन्या बाजारात हिंडून झालं, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे दोनदा जाऊन झालं. एकाकडे डावी होती. ती घेऊन आले, घरी गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलीय.

‘नवी गाडी निघाली,’ काका काचेवरून तळवा फिरवत म्हणतात, ‘तर तिची काच हिला बसणार नाही, ते मला कळतं. पण अशी काच वाकवणारं कुणीतरी पुन्हा असेल ना.’

मघापासून चासी, नाव आणि हाडं यांवर बोलणाऱ्या माणसाच्या मनात हे होतं तर.

आम्ही उभे राहतो तर सिएराच्या मागच्या सीटवर ताईंची लेक. कधी चढली कुणालाच कळलं नाही. पाय वर घेऊन, डोकं मागं टेकून ती वर बघतेय. धरणावरून बगळ्यांची एक रांग चाललीय, ती काचेच्या खालच्या अंगाला दिसायला लागते, वाकणावरून छताकडे चढते आणि दुसऱ्या काचेत उतरते. मुलीचं डोकं तिच्याबरोबर फिरतं.

‘चल गं, निघायचंय.’

ती येत नाही. ताई पुढची सीट पाडतात, हात घालतात, पोहोचत नाही. मग पदर खोचून, सीटच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीतून, कोपर आपटत स्वतःच आत शिरतात. मुलीला धरायला म्हणून बसतात. बगळ्यांची दुसरी रांग येते.

‘दार हवंच,’ आतून ताईंचा आवाज येतो. पण त्या बाहेर येत नाहीत.

काका बॉनेटपाशी जातात. ताईंनी ओढलेली रेघ काचेच्या भागातून तळव्यानं पुसतात, तिथल्या धुळीत काच नव्यानं वळवतात. मग करंगळीनं, जपून, तेच दार पुन्हा काढतात, काचेच्या खाली थांबवून.

टूलरूमवाला शेजारी येऊन उभा राहतो. वाकून पाहतो, तोंडातली भजी संपवतो.

‘काका, वरून धरायला काही नाही. मग हे दार बंद कुठं होणार?’

‘थांब,’ काका म्हणतात, आणि बोट पुन्हा धुळीत टेकवतात.