औंढ्याच्या माळावरून विश्वाचा कानोसा

परभणी : जिंतूरमार्गे औंढा नागनाथला जाणाऱ्या भाविकांना हा परिसर ज्योतिर्लिंगामुळे परिचित आहे. त्याच औंढा तालुक्यातील दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहणार आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग परभणी जिल्ह्यातच होता. त्यामुळे या प्रकल्पाविषयी परभणीकरांना वाटणारे कुतूहल स्वाभाविकच म्हणावे लागेल.

शंभर वर्षांची प्रतीक्षा

पाण्यात खडा टाकला की तरंग उठतात. त्याचप्रमाणे अतिशय जड वस्तू वेगाने फिरल्या किंवा एकमेकींवर आदळल्या, तर अवकाशातच तरंग उठतात, असे अल्बर्ट आईन्स्टाईन यांनी १९१६ मध्ये मांडले. मात्र या लहरी खरोखर अस्तित्वात आहेत का, याविषयी १९३६ मध्ये त्यांचे स्वतःचेच मन साशंक झाले होते. १९६९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ वेबर यांनी त्या सापडल्याचा दावा केला. परंतु इतरांच्या प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला नाही. अखेर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन ‘लायगो’ यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर टिपली. तोपर्यंत आईन्स्टाईन आणि वेबर दोघेही हयात नव्हते. एका पिढीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती लागले.

यंत्र चालते कसे?

वेधशाळेला काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या असतात. त्यांतील हवा काढून घेतलेली असते. एकच लेसर किरण दुभंगून दोन्ही नळ्यांत सोडतात आणि टोकाच्या आरशांवरून तो परत येतो. लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते, तर दुसरी आखडते. २०१५ मध्ये नोंदला गेलेला हा बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. साहजिकच वाहनांची धडधड किंवा समुद्राच्या लाटांचा थरारही मापनात अडथळा ठरतो. म्हणूनच अशा यंत्रासाठी सपाट आणि शांत जमीन शोधावी लागते, तसेच आरसे लोलकाप्रमाणे टांगलेले असतात.

आणखी एक कान कशासाठी?

आवाज कोणत्या दिशेने आला, हे दोन कानांमुळे कळते. लहरीची दिशाही निरनिराळ्या यंत्रांपर्यंत ती पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून ठरते. अमेरिकेतील दोन यंत्रांमध्ये २०१५ साली हा फरक सुमारे सात सहस्रांश सेकंदांचा होता. अमेरिकेबरोबरच इटली व जपानमध्येही अशी यंत्रे आहेत. भारतातील यंत्र त्यांच्यापासून दूर असल्याने लहरीचा उगम अधिक नेमका सांगता येईल आणि दुर्बिणी त्या दिशेला वळवता येतील. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये या प्रकल्पाला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. त्याचा खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये असून मंजुरीच्या वेळी २०३० हे उद्दिष्ट ठरविण्यात आले होते. पुण्यातील ‘आयुका’चे संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून लहरींचा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर अनेक दशके काम केले आहे.

उरलेली कोडी

यंत्र उभे राहिले म्हणजे सारे गूढ उकलेल, असे नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला असता सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. तो का, हे अद्याप कळलेले नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात पदार्थ कोणत्या अवस्थेत असतो, हेही कोडेच आहे. फार दूर कशाला, २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले व परभणीलाही त्यांचे हादरे जाणवले. पायाखालच्या काळ्या कातळानेही अभ्यासकांसाठी प्रश्न राखून ठेवलेच आहेत.

या वेधशाळेला पुढील काही दशके अभियंते, संगणकतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ लागणार आहेत. ते केवळ पुण्या-मुंबईहून यावेत की जिंतूर, सेलू, वसमतच्या शाळांमधूनही घडावेत, हे येथील प्रयोगशाळा आणि विज्ञान शिक्षक यांवर अवलंबून राहील. जमीन मराठवाड्याने दिली आहे. प्रश्न विचारणारी पिढीही येथूनच उभी राहिली, तर त्या जमिनीचे खरे चीज होईल.