फोटो जड, पान संथ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणात घरगुती निवास चालवणारे अनेकजण आता स्वतःची वेबसाइट करतात. अंगण, खोली, जेवणाचं ताट यांचे फोटो मोबाइलवर काढतात आणि आहेत तसेच चढवतात. ते पान उघडणारा पाहुणा मात्र घाटात, एक काडी रेंजवर असतो. २ एमबीपीएस वेगाने ४ एमबीचा एक फोटो उतरायला १६ सेकंद लागतात. तोच २०० केबीचा केला, तर सेकंदाच्या आत येतो. फाइल हलकी करण्याचं, म्हणजे कॉम्प्रेस करण्याचं, हे काम ब्राउझरमध्येच आणि फुकट होतं. आड येतात ते काही गैरसमज.

गैरसमज : फोटो कॉम्प्रेस करायचा म्हणजे तो परक्या सर्व्हरवर पाठवावा लागतो.
वस्तुस्थिती : काही साइट्स तसं करतात, सगळ्या नाही. गूगलच्या क्रोम गटाने २०१८ मध्ये आणलेलं ‘स्क्वूश’ सगळं काम आपल्याच यंत्रावर, ब्राउझरच्या आत करतं. एखाद्या साइटची खात्री करायची असेल तर पान पूर्ण उघडू द्या, मग इंटरनेट बंद करा आणि फोटो टाका. काम झालं, तर फोटो बाहेर न पाठवताच ते झालं.

गैरसमज : कॉम्प्रेस केला की फोटो बिघडतो.
वस्तुस्थिती : १९९२ पासूनचं जेपेग तंत्र डोळ्याच्या स्वभावावर उभं आहे. आपल्याला उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे तपशील गाळतं. कॉम्प्रेस करताना दर्जाचा (क्वालिटी) आकडा ७५ ते ८० ठेवला तर बहुतेक फोटोंत फरक ओळखू येत नाही. मात्र तीच फाइल पुन्हापुन्हा कॉम्प्रेस केली की नुकसान साचत जातं. म्हणून मूळ फोटो जपून ठेवा आणि दरवेळी त्यावरूनच नवी प्रत काढा.

गैरसमज : पानावर फोटो लहान दिसतो, म्हणजे फाइलही लहान.
वस्तुस्थिती : सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. पानावर तो बोटभर दाखवला, तरी फाइल अख्खीच उतरते. १२०० × ९०० केला, तर पिक्सेल अकराव्या हिश्शावर येतात. म्हणून आधी मापं कमी करा, मग कॉम्प्रेस करा.

गैरसमज : ७२ डीपीआय केलं की फोटो हलका होतो.
वस्तुस्थिती : तो आकडा छपाईसाठीची नोंद आहे. पिक्सेल तेवढेच राहिले, तर नुसता आकडा बदलून फाइलचं वजन घटत नाही.

गैरसमज : पीएनजी म्हणजे उत्तम, म्हणून फोटो पीएनजीतच ठेवावेत.
वस्तुस्थिती : पीएनजी काहीच गाळत नाही, म्हणून बोधचिन्ह, आकृती किंवा स्क्रीनशॉटला ते चांगलं. फोटोची फाइल मात्र त्यात कितीतरी फुगते. फोटोसाठी जेपेग किंवा २०१० मध्ये आलेलं वेबपी घ्या. २०१९ चं एव्हीआयएफ बहुतेकदा आणखी हलकं पडतं, पण जुने ब्राउझर ते दाखवत नाहीत.

आज एवढं करा : वायफाय बंद करून आपली वेबसाइट मोबाइलवर उघडा. जो फोटो सर्वांत उशिरा येईल, त्याच्यापासून सुरुवात करा. त्या जादा वजनाची किंमत पाहणारा आपल्या डेटाने आणि वेळेने मोजत असतो.