मी शेजारी बसू का?

पहाटे ५.००, सातारा

मी कुत्री शिकवतो. माझा दिवस गॅसपाशी सुरू होतो. चिकन बिनमिठाचं उकडायचं, गार करायचं आणि हरभऱ्याएवढे तुकडे करून कमरेच्या पिशवीत भरायचे. शाकाहारी घरांतल्या कुत्र्यांसाठी पनीरचा डबा वेगळा. तुकडा मोठा झाला की कुत्रं चघळत बसतं आणि शिकणं तिथंच तुटतं.

६.१५, गोडोली

काका अपशिंगे मिलिटरी या गावचे, फौजेतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात-पाय अधू झाला. चालताना काठी सुटली की वाकून उचलता येत नाही. त्यांच्या तीन वर्षांच्या लॅब्राडॉरला, मोतीला, मी ती काठी उचलून हातात द्यायला शिकवतोय.

गुळगुळीत लाकूड दातांत टिकत नाही, म्हणून काठीच्या मधोमध काकांच्या जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली. पहिले आठ दिवस तिला नुसतं नाक लावायचं. मग तोंडात धरायचं, मग उचलायचं. गेले दोन आठवडे गाडं एकाच जागी अडलं होतं: मोती काठी आणायचा आणि पायाशी टाकायचा. आज काकांनी डावा तळहात मांडीवर उघडा ठेवला आणि तोंडातून शब्द काढला नाही. मोती उभा राहिला. काकांच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा हाताकडे बघितलं आणि काठी तळहातावर टेकवली. काकांनी बोटं मिटली. "शाब्बास!" त्याच क्षणी मी तुकडा पुढे केला. दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला असता, तरी बक्षीस नेमकं कशाचं हे त्याला उमगलं नसतं.

"परत एकदा करू या," काका म्हणाले. मी नको म्हटलं. जमलं तिथंच थांबायचं. कुत्र्याचा धडा दहा मिनिटांच्या वर नेऊ नये.

पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, हे काकांना ठाऊक नव्हतं; मी सांगितलं. त्याच युद्धात त्यांच्या गावचे जवान कामी आले होते. काका बराच वेळ मोतीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

८.३०, पोवई नाका

चहाच्या गाड्यावर एक तरुण बंगलेवाले भेटले. "सर, आमचं कुत्रं चावरं करून द्या. पोलिसांच्या झंजीरसारखं." त्यांना सांगितलं, झंजीर लॅब्राडॉर होता. त्याचं शिक्षण पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडीच्या केंद्रात झालं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं मुंबई पोलिसांना हजारो किलो आरडीएक्स शोधून दिलं, ते नाकाच्या जोरावर. माणसांच्या अंगावर जाणारं कुत्रं घरात ठेवलं, तर पहिला चावा घरच्या पोराला किंवा दूधवाल्याला बसतो. हे काम मी घेत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

११.००, कराड

इथं मात्र मन उदास होतं. जर्मन शेफर्ड, दीड वर्षाचा. मालकांनी त्याला एका प्रशिक्षकाकडे महिनाभर ठेवलं होतं. मधे भेटायला मनाई होती; "मालक दिसला की शिकलेलं विसरतं," असं सांगितलं होतं. कुत्रा परत आला तेव्हा घरचे खूश झाले, कारण बस म्हटलं की लगेच बसायचा. मीही पहिल्या दिवशी बघितलं. बसला खरा, पण कान मागे, शेपूट पोटाखाली, जीभ सारखी नाकावर. मी पिशवीतला तुकडा काढायला कमरेकडे हात नेला आणि त्यानं बसल्या जागी मुतून टाकलं. कमरेच्या पट्ट्याचा मार आठवत होता त्याला.

आपल्याकडे कुत्रा शिकवायला परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. आज दोन महिने झाले, मी या कुत्र्याला एकही आज्ञा शिकवलेली नाही. जमिनीवर बसतो, पाठ वळवून, तुकडे शेजारी ठेवतो. आज पहिल्यांदा त्यानं माझ्या बाहीला नाक लावलं. मालकीणबाई दारात उभ्या राहून रडत होत्या.

१.३०, पेठ नाका

जेवण. जतहून फोन आला, कारवानी पिल्लू आधाराच्या कामाला शिकेल का? कारवानी नजरेवर धावणारं, पळती वस्तू दिसली की सुटणारं. घरात आजाऱ्यासाठी माझी पहिली पसंती ते नाही, हे सांगून टाकलं.

४.३०, सांगली, विश्रामबाग

अकरा वर्षांच्या मुलीला फिट येतात. आई-वडिलांनी कुणाकडून तरी ऐकलं की कुत्रं आधीच ओळखतं. महागाचं पिल्लू घ्यायला पैसे काढून ठेवले होते.

मी पहिल्यांदा जे जमत नाही ते सांगितलं. काही कुत्री झटका येण्याआधी अस्वस्थ होतात, पण ते शिकवता येईल असा शब्द मी देणार नाही. दुसऱ्या कुणी दिला तर पैसे देऊ नका. डॉक्टरांचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही. फिट आल्यावर भुंकून आईला बोलावणं किंवा भिंतीवरची घंटी दाबणं, हे मात्र शिकवता येतं. तेही प्रत्येक कुत्र्याला नाही. परदेशातल्या संस्था निवडक पिल्लांवर दीड-दोन वर्षं मेहनत घेतात, तरी सुमारे निम्मी कामाला उतरत नाहीत.

वडील गप्प झाले. अंगणात त्यांचीच गावठी कुत्री झोपली होती, राणी, रस्त्यावरून उचलून आणलेली. दचकल्यावर ती सावरते का हे बघायला मी स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट मागितलं आणि तिच्यापासून दहा पावलांवर फरशीवर सोडलं. राणी दचकून उठली. क्षणभर थांबली. मग चालत ताटापाशी आली, हुंगलं आणि मुलीच्या पायाशी जाऊन बसली.

"हिलाच शिकवून बघू या, ताई," मी म्हणालो. "तीन महिन्यांत नाही जमलं, तर तसं सांगेन." पिल्लासाठी काढलेले पैसे तसेच राहिले. सोमवारपासून सुरुवात, आईनं रोज शेजारी बसायचं या अटीवर.

रात्री ९.००, परतीच्या वाटेवर

तुमचं कुत्रं कुणाच्या हाती देण्याआधी एवढंच विचारा: "शिकवताना मी शेजारी बसू का?" नको म्हणाला, तर कुत्रं घेऊन घरी या.